गेममधल्या रोमान्सचं भांडण काल-परवाचं नाही ना बाप्पा

२०२३ मधे बाल्डर्स गेट ३ आला अन् आमच्या दारव्ह्याकडच्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर बोंब सुरू, "पोट्ट्यासोबत पोट्ट्याचा रोमान्स काऊन घुसवला बे?" घुसवला नाही भाऊ, जुनाच आहे.

१९९८ चा फॉलआउट २ घ्या. मोडॉक नावाच्या गावात खाटकाचा पोरगा किंवा पोरगी, कोणासोबतही पकडल्या गेलात की बाप म्हणते लाव लग्न. तुमचं कॅरॅक्टर पोट्टा आहे का पोट्टी, त्याले घेणंदेणं नाही. पुढं २००५ चा जेड एम्पायर, २००९ च्या ड्रॅगन एज ओरिजिन्समधे झेव्हरान अन् लेलियाना हे साथीदार, यांच्यातही तुम्ही पोट्टा असा का पोट्टी, रोमान्स होते. ज्याले पाहिजे त्यानं निवडावं, नाही तर पुढं चालावं.

खरी ठिणगी पडली २०११ मधे, ड्रॅगन एज २ वरून. यात अँडर्स नावाचा जादूगार, तुमचं कॅरॅक्टर पोट्टा असला तरी, त्याच्याशी जरा गोड बोललं की तो स्वतःहूनच मन मोकळं करते, अन् तुम्ही नाही म्हटलं तर राइव्हलरीचे, म्हणजे तुमच्याशी वाकडं होण्याचे, पॉइंट वाढतात. म्हणजे आतापर्यंत ऑप्शन कोपऱ्यात गप बसून होता, इथं तो अंगावर आला. एका प्लेअरनं तक्रार केली की आम्ही पोट्टीच आवडणारी पोरं मेन गिऱ्हाईक, आमच्याकडं दुर्लक्ष झालं, तर हा गेम बनवणाऱ्या बायोवेअर कंपनीच्या लेखकानं, डेव्हिड गेडरनं, सरळ सांगितलं की बहुसंख्य असले म्हणून जास्त ऑप्शनचा हक्क मिळत नाही. ते उत्तर लय गाजलं.

आपल्याकडं तर वेगळंच. २०१४ मधे ड्रॅगन एज इन्क्विझिशन आला नाही, गेम विकणाऱ्या ईए कंपनीनं इथल्या कंटेंटच्या कायद्याचं कारण देऊन विक्रीच मागं घेतली, प्री-ऑर्डरचे पैसे वापस. कोणता सीन, कोणतं कलम, काहीच नाही सांगितलं. आदल्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं होतं, म्हणून लोकांनी त्याच्याशी जोडलं. संमतीनं संबंध ठेवणाऱ्या मोठ्या माणसांपुरतं ते कलम मोडीत निघालं २०१८ मधे. तोवर गेम पेनड्राइव्हवरून गावोगाव फिरून झाला होता, आमच्या इथं डिस्क विकत घेणारा तरी कोण होता!

अन् त्याच इन्क्विझिशनमधे डोरियन नावाचा साथीदार आहे, त्याले पोट्टेच आवडतात. बापाले त्याचं लग्न लावायचं, वंश चालवायचा, त्यापायी पोराचं मनच रक्ताच्या जादूनं बदलायला निघते. दारूच्या गुत्त्यात दोघं समोरासमोर येतात तो सीन पाहून, घरात स्थळांचे बायोडाटा येऊन पडलेल्या कोणत्याही पोट्ट्याले कळते काय चाललंय. पोट्टीचं कॅरॅक्टर घेऊन लाइन मारा, तो नाही म्हणते. मले हेच आवडते, माणूस वाटते.

बाल्डर्स गेट ३ मधे मात्र मुख्य साथीदार कोणालेही हो म्हणतात, म्हणून काही गे प्लेअरही कुरकुरतात की याले स्वतःची काही आवड आहे का नाही. ग्रुपवर जास्त वैताग होता तो गेल नावाच्या साथीदाराचा, जरा चांगलं वागलं की लगेच गळ्यात. आता ते गेम बनवणाऱ्या लॅरियनवाल्यांनीच मान्य केलं की सुरुवातीले रोमान्ससाठी लागणारे पसंतीचे पॉइंट फार कमी ठेवल्या गेले होते, बग होता, मग दुरुस्त केला.