किडनी अचानक बिघडते तेव्हा नायट्रिक ऑक्साइड काय करतं?

आमच्या औषधदुकानाच्या ग्राहकांसाठी

"किडनीला नायट्रिक ऑक्साइड चांगलं असतं म्हणे. त्याची पावडर आहे का तुमच्याकडे?" हा प्रश्न काउंटरवर वारंवार येतो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक जिमला जाणारे, आणि दुसरे म्हणजे घरातल्या कुणाचं तरी क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा; किडनी बिघडली की रिपोर्टात तो वाढतो) एकाएकी वाढल्यामुळे घाबरलेले. या दुसऱ्या मंडळींना आम्ही अशी पावडर देत नाही. दुकानदार माल असून नाही म्हणतो, याचं लोकांना नवल वाटतं. कारण उभ्याउभ्या सांगून होण्यासारखं नाही, म्हणून हे पत्रक.

डब्यात नेमकं काय असतं?

डब्यात नायट्रिक ऑक्साइड नसतंच. तो वायू आहे: एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन. शरीरात तयार झाल्यावर तो जेमतेम काही सेकंद टिकतो. (दाताच्या दवाखान्यात हुंगायला देतात तो लाफिंग गॅस वेगळा, तो नायट्रस ऑक्साइड.) डब्यात असतं ते एल-आर्जिनिन, सिट्रुलिन किंवा बीटाचा अर्क, म्हणजे शरीराने वापरलाच तर ज्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनू शकेल असा कच्चा माल.

या वायूचा शोध मजेशीर आहे. सशाच्या महाधमनीच्या तुकड्यावर अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन घातलं की कधी तो सैल पडे, तर कधी उलट आवळून घेई. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं की फरक रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचा आहे. तुकडा कापताना ते अस्तर घासून गेलं असेल, तर वाहिनी सैल पडत नाही. म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरत होतं. ते 'काहीतरी' म्हणजेच नायट्रिक ऑक्साइड, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. १९९८ चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना मिळालं ते याच कामासाठी.

किडनीला त्याची गरज का?

दोन्ही किडन्यांचं वजन मिळून साधारण ३०० ग्रॅम. तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो, मिनिटाला लिटरभर. इतकं रक्त असताना किडनीला ऑक्सिजन कमी पडेल असं कुणाला वाटणार नाही. पण रक्ताची ही चैन बाहेरच्या थरापुरतीच असते. आतल्या गाभ्याला त्यातला थोडाच वाटा मिळतो आणि तिथला ऑक्सिजनचा दाब एरवीही पाऱ्याच्या १० ते २० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कमीच, असतो. त्याच गाभ्यातल्या, लघवी घडवणाऱ्या बारीक नलिका मात्र मीठ परत शोषून घेण्याचं कष्टाचं काम सतत करत असतात. थोडक्यात, किडनीचा आतला भाग धडधाकट माणसातही काठावरच जगत असतो.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरात थोडं थोडं, पण अखंड बनणारं नायट्रिक ऑक्साइड हा काठ सांभाळतं. ते गाभ्यात जाणाऱ्या बारीक वाहिन्या उघड्या ठेवतं आणि नलिकांचं मीठ शोषण्याचं काम जरा मंद करून ऑक्सिजनचा खर्चही वाचवतं. यासाठी लागणारं आर्जिनिन, गंमत म्हणजे, मुख्यतः किडनीच तयार करते आणि रक्तात सोडून साऱ्या शरीराला पुरवते.

मग बिघडतं कुठे?

मोठं ऑपरेशन, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी संपणं, काही औषधं: कारण कोणतंही असो, किडनीचा रक्तपुरवठा घटला की दोन गोष्टी घडतात आणि त्या एकमेकींच्या उलट्या आहेत.

पहिली म्हणजे अस्तरातलं, नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम नीट चालेनासं होतं. त्याला बीएच-४ नावाचा मदतनीस लागतो. तो खराब झाला की तेच एन्झाइम नायट्रिक ऑक्साइड बनवायचं सोडून सुपरऑक्साइड हा घातक रेणू बनवू लागतं. ज्या गाभ्याला वाहिन्या उघड्या राहायला हव्या असतात, तिथेच त्या आवळतात.

दुसरी गोष्ट काही तासांनी सुरू होते. नलिकांच्या पेशींत आणि सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशींत, एरवी फारसं नसणारं दुसरं एन्झाइम जागं होतं. वैद्यकात त्याला आयएनओएस म्हणतात. याला थोडकं बनवणं ठाऊकच नाही. ते भरमसाट नायट्रिक ऑक्साइड ओतत राहतं. ते तिथल्या सुपरऑक्साइडला भिडलं की पेरॉक्सिनायट्राइट तयार होतं, आणि ते नलिकांच्या पेशींची प्रथिनं, चरबी आणि डीएनए सगळ्यांवरच घाव घालतं.

एकाच किडनीत, एकाच वेळी, एका जागी हा वायू कमी पडतो आणि हातभर अंतरही नसलेल्या दुसऱ्या जागी तो नको इतका होतो. 'वाढवू की कमी करू?' या प्रश्नाला म्हणूनच सरळ उत्तर नाही.

डॉक्टरांनी करून पाहिलेलं

प्राण्यांमध्ये नुसतं आयएनओएस बंद केलं की किडनी बऱ्यापैकी वाचते, हे उंदरांवरच्या प्रयोगांत १९९० च्या दशकातच दिसलं होतं. माणसांत मात्र गाडी अडली. सेप्टिक शॉकच्या (रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने रक्तदाब धोकादायक घसरलेल्या) रुग्णांना नायट्रिक ऑक्साइड बनवणारी सगळीच एन्झाइमं, म्हणजे अस्तरातलं कामाचं एन्झाइमही, एकदम रोखणारं औषध देऊन पाहिलं. रक्तदाब वाढला, पण मृत्यूही वाढले: औषध मिळालेल्यांत २८ दिवसांत ५९ टक्के, न मिळालेल्यांत ४९ टक्के. चाचणी अर्ध्यातच थांबवावी लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसलाच प्रकार. इथे तर दोघांनाही एकदम दिली.

उलट दिशेनेही प्रयत्न झाले. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये रक्त यंत्रातून फिरतं, तेव्हा काही तांबड्या पेशी फुटतात. त्यातून सुटलेलं हिमोग्लोबिन रक्तातलं नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकतं. अशा वेळी हा वायू श्वासावाटे दिला तर? चीनमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, एकाहून जास्त झडपा बदललेल्या २४४ रुग्णांपैकी ज्यांना तो २४ तासांपर्यंत दिला त्यांच्यात किडनीला इजा होण्याचं प्रमाण ६४ वरून ५० टक्क्यांवर आलं. आशा वाटावी असं हे आहे. पण फुप्फुसं निकामी होत असलेल्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना हाच वायू दिला, तर किडनी बिघडण्याचं प्रमाण वाढतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं. वायू तोच, रुग्ण वेगळे, निकाल उलटा. ही सिलिंडर, मीटर आणि डोळ्यांत तेल घालून बसलेल्या नर्सेस यांच्या भरवशावर करायची गोष्ट आहे. चमचाभर पावडर पाण्यात ढवळून करायची नव्हे.

पावडर घेतली तर काय बिघडतं?

आर्जिनिन पोटातून गेलं की त्याचा बराचसा भाग आतडं आणि यकृतच संपवतात. उरलेलं किडनीत कुठल्या एन्झाइमच्या हाती लागेल, हे आपल्या हातात नाही. आयएनओएसच्या हाती लागलं तर आगीत तेलच. शिवाय ते सर्वांना निरुपद्रवी आहे असंही नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना आर्जिनिन देण्याची एक चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, न घेणाऱ्यांपैकी एकही नाही. तीही मध्येच थांबवली गेली.

बीटाचा अर्क 'नैसर्गिक' म्हणून लोक बिनधास्त घेतात. बीटात पोटॅशियम आणि ऑक्झलेट दोन्ही भरपूर असतात. किडनी काम करत नसताना पोटॅशियम रक्तात साठतं आणि ते हृदयाची लय बिघडवू शकतं. अशा रुग्णाला बीट द्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. जिमच्या काही डब्यांत क्रिएटिनही असतं. त्याने रिपोर्टातलं क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं आणि मग किडनी खरंच बिघडली की काय, हे कळायला अवघड जातं. तपासणीला जाल तेव्हा डबा सोबत न्या.

काउंटरवर आम्ही काय विचारू

आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या मागितल्यात तर जुलाब, उलट्या, ताप आहे का, असं आम्ही विचारू. चौकशीखोरपणा समजू नका. नायट्रिक ऑक्साइडसारखीच प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्यंही किडनीतल्या वाहिन्या उघड्या ठेवतात, आणि या गोळ्या नेमकी तीच बंद करतात. अंगात पाणी कमी, त्यात बीपीची 'प्रिल' किंवा 'सार्टन'ने संपणारी गोळी, लघवी वाढवणारी गोळी, आणि वर वेदनाशामक, अशी सांगड पडली की किडनीला सावरायला जागा उरत नाही. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका. डॉक्टरांना फोन करा.

लघवीवर लक्ष ठेवा. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी होत असेल आणि असे सहा तास गेले, तर ती किडनीला इजा धरली जाते. रिपोर्ट वाचताना एक चूक सर्रास होते. क्रिएटिनिन ०.८ होतं, दोन दिवसांत १.१ झालं, कागदावर दोन्ही आकडे 'नॉर्मल'च्या रकान्यात बसतात, म्हणून घरचे निश्चिंत राहतात. पण ४८ तासांत ०.३ ची वाढ हाच मुळी निदानाचा निकष आहे. त्यामुळे जुना रिपोर्ट फेकू नका आणि नव्यासोबत तोही डॉक्टरांपुढे ठेवा.