नागपूरभोवतीचे रूळ: कापूस, मँगनीज, कोळसा आणि त्यानंतर पासधारक

कामठी, कन्हान, बुटीबोरी, काटोल, उमरेड या गावांतून रोज नागपूरला अप-डाउन करणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो की रूळ आहेत, स्टेशन आहे, मग सोयीच्या वेळेला गाडी का नाही? याचे बरेचसे उत्तर हे रूळ कोणत्या कामासाठी टाकले गेले त्यात सापडते.

नागपूरला पहिली गाडी १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भुसावळ-बडनेरा-वर्धा मार्गाने आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला विलायतेत मागणी वाढली होती आणि गाठी मुंबई बंदरात पोचवायच्या होत्या. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ ला, एम्प्रेस मिल ही कापड गिरणी सुरू झाली.

पूर्वेकडचा रूळ दुसऱ्या मापाचा होता. नागपूर-छत्तीसगड रेल्वे मीटरगेज, म्हणजे १००० मिलिमीटर रुंदीची होती आणि १८८२ मध्ये ती राजनांदगावपर्यंत पोचली. मुंबईचा रूळ मात्र १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे ब्रॉडगेज. त्यामुळे छत्तीसगडचे धान्य नागपुरात एका वाघिणीतून (मालडब्यातून) उतरवून दुसरीत भरावे लागे. त्यात हमाली जाई, वेळ जाई, पोती फाटत. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने हा मार्ग ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला, आणि १८९१ मध्ये नागपूर-आसनसोल सलग झाले.

त्याच कंपनीने पुढे दोन वेगळ्या गेजांचा तोच घोळ पुन्हा केला, पण या वेळी जाणूनबुजून. सातपुड्याच्या जंगलात आणि झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, तिने ७६२ मिलिमीटरचे नॅरोगेज टाकले. अरुंद रुळाला भराव कमी लागतो, वळण आखूड घेता येते, पूल हलके चालतात. लाकूड, मँगनीज आणि तुरळक प्रवासी यांच्यासाठी तेवढे पुरेसे वाटले. इतवारी-उमरेड-नागभीड ही लाइन १९०८ सालची, तर छिंदवाड्याची १९१३ ची. दोन्हींमुळे इतवारीचे महत्त्व वाढले. जुन्या बाजारपेठेला लागून असलेल्या या एकाच स्टेशनात हावड्याचा ब्रॉडगेज आणि दोन नॅरोगेज लाइनी येऊन मिळत. कन्हानहून रामटेककडे जाणारा फाटा मात्र ब्रॉडगेज आहे. तिथली मनसरची मँगनीज खाण रामटेकच्या शेजारीच. बुटीबोरी-उमरेड हा फाटा तर उघडच कोळशाचा.

मुख्य मार्गांपैकी उत्तरेचा सर्वांत उशिरा झाला. काटोल-नरखेडवरून इटारसीला जाणारी लाइन १९२४ मध्ये पूर्ण झाली. नागपूर स्टेशनच्या सध्याच्या इमारतीचे उद्घाटन १५ जानेवारी १९२५ चे. १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेट जोडले गेले आणि दिल्ली-मद्रास सरळ रस्ता नागपुरातून जाऊ लागला.

आजच्या पासधारकाची अडचण इथे सुरू होते. हावडा आणि दिल्ली या दोन्ही लाइनी स्टेशनच्या उत्तर टोकाला फुटतात, पण मुंबई आणि चेन्नई या दोन्ही दिशा दक्षिणेला अजनी, खापरी, बुटीबोरी, सिंदीवरून सेवाग्रामपर्यंत एकाच मार्गावर असतात. हा सुमारे ७६ किलोमीटरचा टप्पा. त्यावर लांब पल्ल्याच्या गाड्या, कोळशाच्या मालगाड्या आणि पॅसेंजर यांचा मेळ घालावा लागतो. पॅसेंजरला लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घ्यायचे म्हणजे सांध्यावर (रूळ बदलण्याच्या जागी) वेग साधारण ३० किलोमीटरवर आणायचा, मागची गाडी पुढे काढायची, सिग्नल मिळेपर्यंत थांबायचे, मग पुन्हा वेग धरायचा. फलाटावरचा थांबा दोन मिनिटांचा असला तरी वाया जाणारा वेळ त्याच्या कितीतरी पट होतो. तिसऱ्या-चौथ्या लाइनीचे काम म्हणूनच या टप्प्यावर सर्वांत निकडीचे.

प्रशासनही विभागलेले आहे. नागपूर विभाग नावाचे दोन विभाग आहेत, एक मध्य रेल्वेचा, दुसरा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा (हा झोन २००३ पासून). कामठीहून बुटीबोरीला सरळ लोकल चालवायची तर दोन झोनांचे वेळापत्रक जुळावे लागते. २०१८ मध्ये वर्धा, नरखेड, रामटेक, भंडारा या चार दिशांना याच ब्रॉडगेज रुळांवर मेट्रोचे डबे चालवण्याचा करार झाला, तेव्हाही खरा प्रश्न डब्यांचा नव्हता, रुळावर मोकळी वेळ मिळण्याचा होता.

नॅरोगेजच्या गावांनी सर्वांत जास्त सोसले, असे आमचे मत आहे. छिंदवाडा लाइन २०१५ च्या अखेरीस बंद झाली, नागभीडची २५ नोव्हेंबर २०१९ ला. गेज बदलणे म्हणजे रूळ बाजूला सरकवणे नव्हे. भराव रुंद करावा लागतो, पूल नव्याने बांधावे लागतात, वळणे सैल करावी लागतात. छिंदवाड्याकडे भीमालगोंदी-भंडारकुंडचा घाट म्हणूनच शेवटी हाती आला. तोवर सावनेर, केळोद, कुही, भिवापूरच्या पासधारकांना एसटी किंवा काळीपिवळीचाच आधार होता, आणि ते भाडे रेल्वेच्या पासात कधीच बसणारे नव्हते.