जागरणाची सवय खरंच होते?

‘आजाऱ्याची उस्तवार करणाऱ्याला जागरणाची सवय होते, मग कमी झोप पुरते.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही. दापोलीकडे अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी रात्रीत चारदा उठलेली सून सकाळी पेजेचं आधण ठेवतेच की!

पण सवय होते ती पेंगुळल्यासारखं वाटण्याची. गरज हटत नाही. मोठ्या माणसाला रोज निदान ७ तास लागतात. सलग १७ तास जागलं की हातडोकं थोडी दारू घेतल्यासारखं मंदावतं. रात्रपाळीच्या नर्सबाईंचंही तेच.

पडताळा घरीच घ्या. कुणाला तरी ३० सेंटिमीटरची पट्टी, शून्य खाली तुमच्या उघड्या चिमटीत येईल अशी, उभी धरून न सांगता सोडायला लावा, चिमटीत पकडा, बोटांपाशी आलेला आकडा लिहा. पाच-सहा वेळा. एकदा जागरणानंतर, एकदा पुरेशा झोपेनंतर, त्याच वेळेला. बहुतेकदा जागरणानंतर पट्टी जास्त खाली घसरते.