स्मार्टफोनच्या चार्जिंगचा वेग

स्मार्टफोनच्या बॅटरीत ठरावीक वेळात किती ऊर्जा भरली जाते, याचे माप म्हणजे चार्जिंगचा वेग. ते वॅटमध्ये सांगतात. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. सध्या सर्रास मिळणारी ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी साधारण १९ वॅट-तास ऊर्जा धरते. म्हणजे ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या १० वॅटी चार्जरने ती दोन तासांत भरायला हवी. प्रत्यक्षात अडीच-तीन तास जातात. काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, आणि बराचसा वेळ शेवटचे वीसेक टक्के खातात.

१९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरी दोन टप्प्यांत भरते. आधी प्रवाह स्थिर ठेवून ती वेगाने भरली जाते. सेलचा, म्हणजे बॅटरीतल्या घटाचा, विद्युत दाब (व्होल्टेज) ४.२ ते ४.५ व्होल्टच्या ठरलेल्या मर्यादेला पोचला की दाब तिथेच धरून प्रवाह हळूहळू उतरवला जातो. नाशिककरांना द्राक्षाची पेटी आठवावी. पहिले घड भराभर बसतात. शेवटचे बसवताना मणी फुटू नयेत म्हणून हात जपून चालवावा लागतो. बॅटरीतही घाई केली, तर लिथियम बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी धातू होऊन पृष्ठभागावरच साचते. ते नुकसान सहसा भरून येत नाही. म्हणून ‘अर्ध्या तासात ७० टक्के’ या जाहिरातीवरून उरलेल्या तिसाचा हिशेब मांडू नये.

वेग चार्जर ठरवतो, हा समज नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या दुकानांत रोज ऐकू येतो. चार्जर वीज ढकलत नाही. फोनमधली चिप मागेल तेवढीच तो देतो. १८ वॅट घेणाऱ्या फोनला ६५ वॅटचा चार्जर लावला तर फोन जळतही नाही आणि पळतही नाही. शिवाय दोघांना एकच भाषा यावी लागते. यूएसबी पॉवर डिलिव्हरी ही सामाईक भाषा; अनेक कंपन्यांनी स्वतःच्या वेगळ्या काढल्या आहेत. भाषा जुळली नाही की दोघे ५ व्होल्टच्या साध्या चार्जिंगवर येतात. घरातला मोठ्या वॅटचा चार्जर भावाच्या फोनला संथ चालतो, तो यामुळे.

केबलकडे लोक सर्वांत कमी पाहतात. तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ०.३ ओहम असेल, तर २ अँपिअरला वाटेतच ०.६ व्होल्ट गळतात आणि ५ चे ४.४ व्होल्ट फोनपर्यंत पोचतात. मग चिप प्रवाह कमी करते. लांब आणि बारीक तारांच्या स्वस्त केबलचे दुखणे हेच. सी-टाइप केबलमधून ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह न्यायचा, तर पॉवर डिलिव्हरीच्या नियमाप्रमाणे केबलमध्येच ओळख सांगणारी चिप लागते. कधी दोष केबलचाही नसतो. दुरुस्तीवाला टॉर्चच्या उजेडात फोन आडवा धरतो, टूथपिकने पोर्टमधून खिशातल्या धाग्यांचा दाबून बसलेला बोळा काढतो, आणि पिन पुन्हा ‘टक्’ करून बसते.

तापमानाचे दोन्ही टोकांचे नमुने नाशिक जिल्ह्यात मिळतात. एप्रिलच्या दुपारी दुचाकीच्या होल्डरवर, उन्हात, नकाशा चालू ठेवून चार्ज होणारा फोन भट्टीसारखा तापतो. सेल ४५ अंशांच्या आसपास गेला की चिप प्रवाह तोडते किंवा अगदी कमी करते. निफाडच्या थंडीत पारा कधी ५ अंशांखाली जातो. तेव्हा बॅटरीतल्या लिथियमच्या भारित कणांची, म्हणजे आयनांची, हालचाल मंदावते, वर सांगितलेला लिथियम साचण्याचा धोका वाढतो आणि चिप हात आखडता घेते. पहाटे पाणी भरून आलेल्याने फोन थोडा वेळ बंडीच्या खिशात उबेला ठेवून मग लावावा. शून्याखाली तर बहुतेक फोन चार्जिंग घेतच नाहीत.

गावाकडे ‘लाइट डिम आहे, म्हणून फोन भरत नाही’ असे म्हणतात. पंख्याला ते लागू आहे, चार्जरला बहुधा नाही. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते. दाब १७० वर उतरला तरी चांगला चार्जर बाहेर तेवढेच देतो. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून मात्र खरोखरच थेंब-थेंब येते: ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट.

चार्जिंग चालू असताना हॉटस्पॉट, गेम किंवा कसारा घाटात नेटवर्क शोधत राहणे यात आलेल्या विजेतला वाटा जातो. वायरलेस चार्जिंगमध्ये फोन पॅडवर जरा तिरका पडला, तरी पॅडमधल्या आणि फोनमधल्या तारेच्या वेटोळ्यांमधला मेळ बिघडतो. वेग घटतो, उष्णता वाढते. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे तिचा दाब मर्यादेला लवकर टेकतो आणि संथ टप्पा आधीच सुरू होतो. अशा फोनला नवा चार्जर घेण्यात पैसे घालवू नयेत, बॅटरी बदलावी.