पार्श्वभूमी : ‘पॉलिकीटा’ या नावाचा गुंता

प्राणिशास्त्राच्या प्रयोगवहीत नेरिस हा सागरी कृमी, गांडूळ आणि जळू ओळीने येतात, कारण वलयी म्हणजे अंगावर वलये असलेल्या प्राण्यांच्या संघाचे तीन वर्ग दाखवायला प्रत्येकी एक नमुना लागत असे. त्यांपैकी सागरी वलयींना ‘पॉलिकीटा’, म्हणजे पुष्कळ दृढरोमांचे (ताठ केसांचे), हे नाव १८५० मध्ये एका जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने दिले. नाव अंगावरच्या ताठ केसांचे होते. अभ्यासक्रमांनी ते नात्याचे मानले, आणि गुंता तेथूनच सुरू झाला.

१९९७ पासून पुढे आलेल्या जनुकीय पुराव्यांनुसार गांडूळ आणि जळू हे सागरी वलयींच्याच एका शाखेचे वंशज आहेत. त्यांना बाहेर ठेवून उरलेल्यांचा वर्ग करणे म्हणजे भावकीतले एक घर वगळून बाकीच्यांनाच कुळ म्हणणे होय. २०११ मधील एका मोठ्या विश्लेषणाने तर १८३० च्या दशकातली, कृत्रिम म्हणून टाकून दिलेली ‘भटके’ आणि ‘बैठे’ ही विभागणी सुधारून परत आणली. त्या विभागणीनुसार नेरिस भटक्यांत जातो, तर मत्स्यालयात नळीतून पिसांचा पंखा फुलवणारा फेदर डस्टर बैठ्यांत. गांडूळही तिकडेच, म्हणजे फेदर डस्टरला नेरिसपेक्षा गांडूळ जवळचे. सागरी प्रजातींच्या जागतिक सूचीत ‘पॉलिकीटा’ हा वर्ग तरीही टिकून आहे. सोय म्हणून ते ठीक, पण परीक्षेत तो निर्विवाद सत्य म्हणून विचारला जाऊ नये.

अशी नावे चिवट असतात. ‘हेटरोनेरिस’ हा एकेकाळी स्वतंत्र वंश (जीनस) मानला गेला होता. प्रत्यक्षात ती नेरिससारख्या कृमींची प्रजननकाळातली, पोहण्यासाठी पार्श्वपाद (अंगाच्या बाजूंचे पायांसारखे अवयव) रुंदावलेली अवस्था निघाली, तरी काचपट्टीवरची चिठ्ठी तीच राहिली. २०१४ मध्ये महाविद्यालयीन विच्छेदनावर केंद्रीय पातळीवरून बंदी आल्यानंतर तर अशा काचपट्ट्या आणि बरणीतला रंग उडालेला नेरिस यांवरच अधिक भिस्त राहिली.

मत्स्यालयात हे प्राणी बहुधा न बोलावता, सजीव खडकाच्या, म्हणजे टाकीत ठेवलेल्या, जीव वसलेल्या समुद्री दगडाच्या छिद्रांतून येतात. तेथे ‘ब्रिसल वर्म’ या एकाच नावाखाली, पुन्हा केसांवरूनच, सगळे मोजले जातात. अग्निकृमीचे ठिसूळ, चुनखडीयुक्त दृढरोम बोटात मोडून आग करतात, म्हणून सापळे लावले जातात. उरलेसुरले अन्न खाऊन टाकी साफ ठेवणारे त्याचे निरुपद्रवी सोबतीही त्यांतच सापडतात.