'महागाई घटली' म्हणजे नेमकं काय घटलं?

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. डोंबिवलीत आमच्या सोसायटीची सभा चालू होती. जिने आणि आवार झाडणाऱ्या मावशींनी पगार वाढवून मागितला होता. २०२१ च्या दिवाळीत त्यांचे महिन्याला ९,००० रुपये ठरले, त्यानंतर एक पैसा वाढलेला नाही. मावशी १०,५०० मागत होत्या. तेवढ्यात एका सभासदांनी मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचली: महागाई घटून ०.२५ टक्क्यांवर. "महागाई संपल्यातच जमा आहे, मग वाढ कशाची द्यायची?" त्यांच्या मनात खोट नव्हती. बातमी खरी होती, आकडाही खरा होता. विषय पुढच्या सभेवर गेला. मावशी दाराशी उभ्या होत्या, त्या झाडू उचलून निघून गेल्या.

त्या दिवसापासून हे लिहायचं डोक्यात आहे. कारण त्या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टी एक झाल्या होत्या. एक महागाई, दुसरी भाववाढीचा वेग. आणि त्या एक झाल्या की नुकसान नेहमी मावशींसारख्यांचंच होतं.

आधी शब्दच बघू. 'महाग' वरून 'महागाई', जसं 'स्वस्त' वरून 'स्वस्ताई'. दोन्ही शब्द अवस्था सांगतात. "महागाईचे दिवस आहेत" असं घरातली मोठी माणसं म्हणतात, तेव्हा वस्तू आवाक्याबाहेर आहेत एवढंच त्यांना म्हणायचं असतं. गेल्या वर्षीपेक्षा किती टक्क्यांनी, हा त्यांचा विषयच नसतो. 'भाववाढ' ही मात्र क्रिया आहे. भाव चढण्याची. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तिसरा शब्द येतो, 'चलनवाढ'. सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास जो आकडा जाहीर करतं तो या चढण्याच्या वेगाचा असतो: गेल्या वर्षी याच महिन्यात भाव जिथे होते तिथून ते किती टक्के हलले. मराठीत त्याला 'महागाईचा दर' म्हणायची पद्धत पडली, आणि मथळ्यात जागा कमी म्हणून 'दर' गळाला. उरलं 'महागाई घटली'. मराठी माणूस ते वाचतो आणि त्याला ऐकू येतं 'स्वस्ताई आली'. मग तो पिशवी घेऊन वाण्याकडे जातो, बिल बघतो, आणि आपल्याला कुणीतरी मूर्ख बनवतंय असं त्याला वाटतं. या चिडीला मी अज्ञान म्हणणार नाही. त्याने शब्दाचा अर्थ बरोबरच घेतलेला असतो.

माझं आजोळ सांगलीचं. तिथे पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी 'पाणी चढण्याचा वेग मंदावला' ही बातमी आली तर जिवात जीव येतो, ते खरंच. पण त्या बातमीने कुणी घरी परतत नाही. पाणी अजून माळ्यापर्यंत असतं. उलट वेग मंदावला तरी चढ चालूच असतो, म्हणजे कालच्यापेक्षा आज पाणी थोडं वरच असतं. महागाई म्हणजे पुलावरचे फूट. महागाईचा दर म्हणजे तासाला किती इंच चढतंय ते. हा दाखला एका ठिकाणी तोकडा पडतो, तेही सांगतो. नदीचं पाणी आठवड्याभरात ओसरतं. खानावळीच्या थाळीचा, रिक्षाच्या मीटरचा, शाळेच्या फीचा चढलेला भाव सहसा ओसरत नाही.

आता हेच आकड्यांत. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो मुंबईत दीडशेच्या पुढे गेला होता, आठवत असेल. त्या महिन्यात देशाचा किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के होता. बरोबर एका वर्षाने, जुलै २०२४ मध्ये, तो ३.५४ टक्क्यांवर आला. जवळजवळ पाच वर्षांतला नीचांक म्हणून बातम्या झाल्या. आता जुलै २०२२ मध्ये १०० रुपयांना भरणारी पिशवी घ्या. जुलै २०२३ मध्ये ती १०७ रुपये ४४ पैशांची झाली. जुलै २०२४ मध्ये, त्या नीचांकाच्या महिन्यात, १११ रुपये २४ पैशांची. दर निम्म्याहून खाली आला आणि पिशवी आणखी पावणेचार रुपयांनी महागली. शिवाय आदल्या जुलैचे भाव भडकलेले असल्यामुळेच पुढच्या जुलैचा दर इतका छोटा दिसला. भडकलेल्या भावाशी तुलना केली की कुठलाही भाव सौम्यच वाटणार.

एका वर्षाच्या दरात आणखी एक गोष्ट लपते, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. दर एका वर्षाचा हिशेब ठेवतो, घर अनेक वर्षांचं ओझं वाहतं. २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांचे सरासरी दर असे: ६.२, ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६. यातल्या एकाही वर्षाला 'भडका' म्हणावं असं नाही. पण एकावर एक रचले की २०१९-२० मध्ये १०,००० रुपयांत भागणारा खर्च २०२४-२५ मध्ये सुमारे १३,१८० रुपयांवर जातो. ज्याची मिळकत या काळात तेवढी वाढली त्याला महागाई जाणवली नाही. ज्याची वाढली नाही, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा पगार गायब झाला. पुढच्या वर्षी दर शून्यावर आला तरी तो हिस्सा परत येत नाही. लोक पाच वर्षांच्या साचलेल्या गाळाबद्दल बोलत असतात आणि उत्तर एका वर्षाच्या पाण्याबद्दल मिळतं.

रिझर्व्ह बँकेचं काम वेगावर लक्ष ठेवण्याचं आहे. २०१६ पासून कायद्यानेच तसं ठरलंय: दर ४ टक्के, खाली-वर २ टक्क्यांची मुभा. शून्य नव्हे, ४. म्हणजे बँकेला तिच्या कामात शंभर टक्के यश मिळालं तरी साधारण १८ वर्षांत भाव दुप्पट होणार. यात काही कारस्थान नाही. भाव सतत उतरत राहिले तर धंदे बसतात, नोकऱ्या जातात, हे जगाने पाहिलं आहे. पण 'महागाई आटोक्यात' या शब्दांचा अर्थ 'भाव ठरल्या वेगाने चढताहेत' असा आहे, हे कुणीतरी लोकांना नीट सांगायला हवं. वेग आवरण्याचं औषधही घरालाच पोटात घ्यावं लागतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात बँकेने रेपो दर, म्हणजे इतर बँकांना ती ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, आणि गृहकर्जाचे हप्ते, नाहीतर हप्त्यांची वर्षं, वाढली. महागाईचा दर ज्या भावांच्या मोजपट्टीवरून काढतात त्या निर्देशांकात कर्जावरचं व्याज धरलंच जात नाही. म्हणजे घरातून जाणारे पैसे वाढले आणि आकडा खाली आला, दोन्ही एकाच कारणाने.

गंमत अशी नाही, खेद असा आहे, की सरकारला हा फरक पुरता ठाऊक आहे. 'महागाई भत्ता' हा शब्द बघा. तिथे 'महागाई' अगदी जुन्या, बरोबर अर्थाने वापरली आहे. हा भत्ता वेगावर ठरत नाही, पातळीवर ठरतो. सिमल्याचा श्रम ब्यूरो औद्योगिक कामगारांसाठी निराळा निर्देशांक काढतो. त्याची बारा महिन्यांची सरासरी सातव्या वेतन आयोगाच्या वेळच्या पातळीपेक्षा किती वर आहे, तेवढे टक्के भत्ता. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा भत्ता जानेवारी २०२४ पासून ५० टक्के झाला, जुलै २०२५ पासून ५८ टक्के. दर ०.२५ वर आला म्हणून तो भत्ता कुणी काढून घेतला नाही, आणि घेऊही नये. सांगलीत पुरानंतर ऐपत असलेल्यांनी घराचं जोतं उंच करून घेतलं, तसा हा प्रकार आहे: पाणी ओसरणार नाही हे धरून पाय ठेवायची जागा वर उचलायची. महाराष्ट्रात किमान वेतनालाही दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता जोडलेला आहे. पण घरकाम करणाऱ्या बाया, सोसायट्यांत झाडणारे, छोट्या दुकानांतली पोरं, खासगी शिकवण्यांतले मास्तर यांचं जोतं उचलायला कुणी येत नाही. त्यांनी स्वतः मागायचं, आणि समोरच्याने मोबाइलवरचा मथळा दाखवायचा.

त्या ०.२५ टक्क्याबद्दल मात्र प्रामाणिकपणे बोललं पाहिजे, कारण तो नुसता वेग मंदावल्याचा आकडा नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपदार्थांचा दर उणे ५.०२ टक्के होता. म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तू वर्षापूर्वीपेक्षा खरोखर स्वस्त होत्या. भाज्या पाव हिश्श्याहून जास्त उतरल्या होत्या, डाळीही उतरल्या होत्या. खाद्यतेल मात्र चढं होतं, अकराएक टक्क्यांनी. ती खरी स्वस्ताई होती, निदान स्वयंपाकघरापुरती. पण कुणाच्या जिवावर? त्याच महिन्यांत लासलगावला कांद्याचा खर्च निघेना म्हणून शेतकरी रडत होता. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्याचं पीक वाहून गेलं होतं, आणि जे सोयाबीन वाचलं ते ५,३२८ रुपयांच्या हमीभावाच्या खाली विकलं जात होतं. शहरात भाव चढले की सरकार घाई करतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आलं, डिसेंबरात निर्यातबंदीच आली, ती मे २०२४ मध्ये उठली. भाव कोसळले की तशी घाई दिसत नाही. शहरातला माणूस आणि शेतकरी दोघेही चिडलेले, दोघांचीही चीड खरी. कांदा उतरल्याने डोंबिवलीतलं घरभाडं उतरत नाही. दर मात्र उतरतो, कारण त्यात कांदाही असतो आणि भाडंही, आणि सगळ्यांची मिळून एकच सरासरी निघते.

म्हणून दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. "सगळे आकडे खोटे" असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. निर्देशांक देशभरच्या घरांची सरासरी पिशवी मोजतो, आणि सरासरी पिशवी कुणाच्याच घरी नसते. २०१२ हे आधारवर्ष, म्हणजे तुलनेसाठी धरलेलं वर्ष, असलेल्या मालिकेत खाण्यापिण्याला जवळजवळ ४६ टक्के वजन होतं, आणि खेड्यांच्या निर्देशांकात घरभाडं नव्हतंच. आता २०२४ हे आधारवर्ष धरून नवी मालिका सुरू झाली आहे, त्यात खाण्याचं वजन कमी झालं आहे. ज्याच्या पगारातला मोठा वाटा भाड्यात, फीत आणि दवाखान्यात जातो त्याचा स्वतःचा दर वेगळाच असणार. रिझर्व्ह बँक स्वतः शहरांतल्या घरांना विचारते तेव्हा लोक सांगतात तो दर जाहीर आकड्यापेक्षा सतत जास्तच भरतो.

आणि वेग महत्त्वाचा नाही असंही नाही. १९७२ चा दुष्काळ, पाठोपाठ तेलाचा भडका, आणि १९७४ पर्यंत देशात घाऊक भाव वर्षाला २५ टक्क्यांहून जास्त वेगाने चढत होते. त्या वेगाने महिन्याच्या सुरुवातीचा पगार महिनाअखेरीला हलका होतो. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने त्याच काळात मुंबईत लाटणं मोर्चे काढले. हजारो बायका थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. त्यांनी टक्केवारी विचारली नाही. तेल, साखर, रॉकेल रास्त भावात द्या, एवढंच म्हटलं. वेग भयंकर होता म्हणून त्या बाहेर पडल्या असतील, पण मागत होत्या त्या पातळीबद्दल.

आमच्या पुढच्या सभेला मी एक कागद घेऊन गेलो. त्यावर मथळा नव्हता, तीन आकडे होते: ६.७, ५.४, ४.६. मावशींचा पगार ठरला त्या २०२१-२२ नंतरच्या तीन वर्षांचे सरासरी दर. ९,००० रुपयांवर ते एकापुढे एक चढवले की १०,५८७ येतात. मावशी १०,५०० मागत होत्या.