हरिकेनच्या पंखांवरील निळे वर्तुळ: एक खुलासा

दुसऱ्या महायुद्धातील भारतीय हरिकेन या लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीवर हवाई दलाची ओळखखूण असलेल्या वर्तुळातला मधला तांबडा ठिपका नसेल, तर ती चुकीची रंगवलेली आहे, असा समज जळगाव-धुळ्याकडच्या आम्हा संग्राहकांत वर्षानुवर्षे पक्का बसलेला आहे. तो खरा नाही. जपानी विमानांची खूण म्हणजे तांबडा गोल, त्यामुळे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर घाईगर्दीत आपल्याच विमानावर गोळीबार होऊ नये, म्हणून ब्रिटिश आणि भारतीय हवाई दलांनी तेथील विमानांवरचा तांबडा रंग काढून टाकला आणि पुढे गडद निळ्या कड्यात फिकट निळा ठिपका ही खूण रूढ झाली. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची (विमानतुकडीची) हरिकेन विमाने याच आघाडीवर लढली. तेव्हाची म्हणून विकली जाणारी प्रतिकृती तांबडा ठिपका दाखवत असेल, तर शंका तिच्याविषयी घ्यावी. १९४० च्या ब्रिटनवरील हवाई लढाईतल्या हरिकेनवर मात्र तांबडा ठिपका हवाच. धुळ्यातल्या माझ्या एका स्नेह्यांनी या गैरसमजापोटी अचूक रंगवलेल्या प्रतिकृतीवर स्वतःच्या हाताने तांबडा रंग लावला, याची मला आजही हळहळ वाटते.